दूतावासातून परत टी.वाय.बी.ए.च्या वर्गात

निवृत्तीनंतर मी कॉलेजात शिकवायला लागलो हे कळल्यापासून परराष्ट्र खात्यातल्या जुन्या लोकांचे फोन येतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच, की हे जमलं कसं, नेट-सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) लागत नाही का, मानधन किती, मुलं ऐकतात का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो. ज्यांना फक्त नियम हवेत त्यांनी नियमांपुरतं वाचून थांबलं तरी चालेल, पुढचं जरा लांबलंय.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. किनाऱ्याजवळच्या एका कॉलेजातून राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालो, मग पुण्याला एम.ए., मग यूपीएससी, मसुरी, दिल्ली, आणि खात्याने अरबी भाषा दिली म्हणून कैरो. पुढची तीसेक वर्षं आखातात दोनदा, आफ्रिकेत एकदा, मधेमधे दिल्लीत, आणि शेवटी एका छोट्या देशात राजदूत. कॉलेजचं नाव देत नाही, कारण एवढ्यावरही ओळखणारे ओळखतीलच आणि मला अजून तिथे जायचंय.

आता नियम. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हा प्रकार आणला. म्हणजे आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम केलेला आणि बऱ्यापैकी वरच्या पदापर्यंत गेलेला माणूस कॉलेजात शिकवू शकतो, पीएचडी नको, नेट नको. जे आधीपासून प्राध्यापक आहेत किंवा प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेत त्यांना मात्र यातून येता येत नाही. कॉलेजच्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लोक असे घेता येत नाहीत. सुरुवातीला जास्तीत जास्त वर्षभरासाठी घेतात, मग वाढवत एकूण तीन वर्षं, अगदीच अपवाद म्हणून आणखी एक. पैसे उद्योगांकडून येऊ शकतात, कॉलेज स्वतःच्या खिशातून देऊ शकतं, नाहीतर मानद. मी मानद घेतलं, पेन्शन आहे, मुलं मार्गी लागलीत, आणि दुसरं असं की पैसे घेतले की रजेचे अर्ज, सही-हजेरी आणि सगळ्या कमिट्या आपोआप चिकटतात असं मला वाटलं होतं. कमिट्या तरीही चिकटल्या.

प्राचार्य मला कॉलेजात तीन वर्षं ज्युनियर, त्यांनीच फोन केला होता. ते ‘हो’ म्हणाले, संस्थेच्या नियामक मंडळाने ‘हो’ म्हटलं, आणि मग गाडी अडली ती ऑफिसात. आमच्याकडे हेडक्लार्कला भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब अतिशय सज्जन, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, पण कागदाच्या बाबतीत जराही इकडचं तिकडे चालत नाही. ते म्हणाले, "साहेब, अनुभवाचा दाखला लागेल. मागच्या संस्थेच्या लेटरहेडवर, जावक नंबर घालून." मी म्हटलं भाऊसाहेब, माझी मागची संस्था म्हणजे भारत सरकार. ते शांतपणे म्हणाले, "मग त्यांचा आणा." मी राजदूत म्हणून गेलो तेव्हा राष्ट्रपतींच्या सहीचं पत्र घेऊन तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिलं होतं, तो सगळ्यात मोठा दाखला, पण त्याची झेरॉक्स माझ्याकडे नाही आणि असती तरी त्यावर जावक नंबर नसता. शेवटी पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ) आणि निवृत्तीच्या आदेशाची प्रत यावर भागलं. भाऊसाहेबांचा मला राग वगैरे आला नाही उलट बरं वाटलं, कारण दूतावासात व्हिसाच्या खिडकीमागे बसून मीही लोकांना हेच सांगत आलो होतो, की तुम्ही कोण आहात ते कळलं, आता कागद दाखवा.

(जे माझ्यासारखे या वाटेने जाणार आहेत त्यांनी बी.ए.ची ओरिजिनल मार्कशीट शोधून ठेवा. तीस-पस्तीस वर्षांत ती कुणी मागितलेली नसते, कॉलेज पहिली तीच मागतं.)

मग प्रश्न आला शिकवायचं काय. टी.वाय.ला आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर आहे, तो विभागातल्या मॅडम उत्तम शिकवतात, वास्तववाद, उदारमतवाद, सत्तासंतुलन, सगळं. त्यात मी हात घालण्यात अर्थ नव्हता, त्या गोष्टी मी शेवटच्या वाचल्या त्या यूपीएससीला आणि नोकरीत कुणी विचारल्या नाहीत. मला दोन क्रेडिटचा एक छोटा कोर्स मिळाला, म्हणजे ३० तास. निवृत्त अधिकाऱ्याला ३० तास मोकळे दिले की तो काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे, आठवणी सांगतो. अमुक पंतप्रधानांच्या दौऱ्यात असं झालं, तमुक राजाच्या मेजवानीत तसं झालं. मुलं हसतात, टाळ्या पडतात, आणि तास संपल्यावर त्यांच्या हातात काही राहत नाही. म्हणून मी ठरवलं की किस्से नकोत, कागद शिकवायचे. राजनय म्हणजे बाहेरून कितीही झगमग दिसली तरी आत कागद असतो, तो कोण लिहितं, कुणाला जातो, कशावर अडतो, एवढंच दाखवायचं.

कागद म्हटलं की लगेच गोपनीयतेचा प्रश्न येतो. १९२३चा ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट निवृत्तीनंतरही मानगुटीवर असतोच, आणि कायदा नसता तरी काही गोष्टी सांगायच्या नसतात. मुलांना अर्थातच त्याच हव्या असतात, पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून "सर, दूतावासात रॉ-वाले असतात का?" आलं. त्यावर मी जे उत्तर दिलं ते परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याला शोभलं असतं. पण खरं सांगायचं तर गोपनीय कागदाची गरजच पडत नाही. संसदेत खासदार जे अतारांकित प्रश्न विचारतात त्यांची परराष्ट्र खात्याने दिलेली लेखी उत्तरं सगळ्यांना वाचायला उघडी असतात, कुठल्या देशात किती भारतीय तुरुंगात आहेत, किती मृतदेह परत आणले, कुठल्या कराराचं काय झालं. करार असतात, संयुक्त निवेदनं असतात. मुलांना एकेक उत्तर दिलं आणि सांगितलं, यात सरकारने काय सांगितलंय ते एका रंगाने अधोरेखित करा आणि काय सांगायचं टाळलंय ते समासात लिहा. हा स्वाध्याय एवढा रंगला की मॅडमनीही आपल्या पेपरला उचलला.

भाषेच्या पायऱ्या हा दुसरा विषय. भारताने ‘चिंता व्यक्त केली’ असं पेपरात येतं, मुलांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काहीच केलं नाही असा होतो. मी फळ्यावर खालून वर जिना काढला. नोंद घेणे, चिंता, तीव्र चिंता, निषेध, मग त्यांच्या राजदूताला बोलावून कागद हातात देणे, आपला राजदूत ‘सल्लामसलतीसाठी’ घरी बोलावणे, त्यांच्या अधिकाऱ्याला चालतं व्हायला सांगणे, कचेरीतली माणसं कमी करणे, आणि सगळ्यात वर संबंध तोडणे. १९६१च्या व्हिएन्ना करारातलं कलम ९ वाचलं, की यजमान देश कुठलंही कारण न देता परक्या अधिकाऱ्याला नकोसा ठरवू शकतो. मग एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर काय काय झालं ते मुलांनीच जिन्यावर बसवलं. २३ एप्रिलला एकाच वेळी पाकिस्तानी उच्चायुक्तालयातले संरक्षण सल्लागार नकोसे ठरवले, माणसं ५५ वरून ३० वर आणायला सांगितलं, अटारीची वाट बंद, आणि १९६०चा सिंधू पाणीवाटप करार स्थगित. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडाबरोबर दोन्ही बाजूंनी सहा-सहा अधिकारी घालवले, ते कुठल्या पायरीवर बसतं यावर वर्गात चांगलीच खडाजंगी झाली.

त्याच तासाला एका मुलाने विचारलं, "सर, हे सरकारचं म्हणणं झालं. तुम्हाला काय वाटतं?"

हा प्रश्न मला नोकरीत कुणी विचारला नव्हता, म्हणजे विचारला असेल पण उत्तर द्यायचं नसतं हे दोघांनाही माहीत असायचं. तीस वर्षं माणूस ‘भारताची भूमिका अशी आहे’ एवढंच बोलतो, हळूहळू स्वतःचं मत वेगळं काढून ठेवायची सवयच जाते, आणि घरीही बायको म्हणते की भाजीबद्दल विचारलं तरी तुम्ही निवेदन देता. मी सुरुवात केली "यात अनेक पैलू आहेत" अशी आणि पहिल्या बाकावरच्या दोघीतिघी गालात हसल्या. मग सरळ सांगितलं. म्हटलं सिंधू करार १९६५, १९७१, १९९९ या तिन्ही लढायांतून टिकला, त्यात एकतर्फी बाहेर पडायची तरतूद नाही, तो स्थगित ठेवणं हा दबाव म्हणून मला समजतो, पण करारात मुख्यतः पाकिस्तानच्या वाट्याला आलेल्या पश्चिमेकडच्या नद्यांचं पाणी खरंच अडवायचं तर धरणं आणि कालवे लागतात आणि ते बांधायला वर्षं जातात, तोपर्यंत हा दबाव बराचसा कागदावरचा आहे असं माझं मत. काहींना पटलं नाही, एकाने जोरात वाद घातला, चांगले मुद्दे होते त्याचे. तेव्हापासून नियम केलाय, प्रत्येक विषयावर शेवटी पाच मिनिटं माझं मत, सरकारचं नाही, आणि त्याला विरोध करणाऱ्याला हजेरीत काही तोटा नाही.

पण हे सगळं एका बाजूला, आणि कॉन्सुलर कामाचे, म्हणजे परदेशात अडचणीत आलेल्या आपल्या माणसांना मदत करण्याच्या कामाचे तास एका बाजूला. हे थोडं सविस्तर सांगतो.

बाहेरच्या लोकांना वाटतं राजदूत म्हणजे वाटाघाटी. आखातातल्या कुठल्याही भारतीय दूतावासात जाऊन बघा, निम्म्याहून जास्त गर्दी कामगार कक्षासमोर असते. मालकाने पासपोर्ट काढून घेतलाय, पगार थकलाय, कुणी तुरुंगात आहे, कुणी वारलंय. तरुण अधिकारी तिथे टाळाटाळ करत जातात आणि खरं शिकतात तिथेच. म्हणून मी वर्गासाठी एक फाईल बनवली, पूर्णपणे काल्पनिक. आखाती देशात काम करणारा एक गवंडी हार्ट अ‍ॅटॅकने वारला, गावी बायको, दोन मुलं. वर्गाचे गट पाडले, एक गट दूतावास, एक मालकाची कंपनी, एक तिथले पोलीस आणि हॉस्पिटल, एक घरचे लोक. प्रत्येकाने आपापले कागद क्रमाने लावायचे.

क्रम साधारण असा असतो. आधी हॉस्पिटल किंवा पोलिसांचा अहवाल, मग तिथल्या सरकारचा मृत्यूचा दाखला. घरच्यांचं संमतीपत्र किंवा मुखत्यारपत्र, की देह भारतात पाठवायचा की तिथेच दफन करायचा, आणि मालकाकडून येणं असलेले पैसे कुणी घ्यायचे. दूतावास मृत्यूची नोंद करतो, पासपोर्ट रद्द करतो, ना हरकत पत्र देतो. एम्बामिंगचा (देह खराब होऊ नये म्हणून केलेल्या प्रक्रियेचा) दाखला, मग विमान कंपनीचं कार्गो बुकिंग. मालक खर्च देत नसेल आणि घरचेही देऊ शकत नसतील तर २००९ पासून दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, त्यातून खर्च होतो. माणूस एमिग्रेशन चेक (कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी) लागणाऱ्या पासपोर्टवर गेला असेल तर त्याचा प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा असायला हवा, हे घरच्यांना बऱ्याचदा माहीतच नसतं, पॉलिसीचा कागद एजंटकडे राहिलेला असतो.

माझ्या फाईलमध्ये शेवटचा कागद होता कार्गोची पावती. मी म्हटलं, इथे फाईल बंद.

घरच्यांच्या गटातली एक मुलगी, खाडीपलीकडच्या गावातली, एरवी फार बोलत नाही, ती म्हणाली, "सर, इथून तर सुरू होते."

आणि मग तिने सांगितलं. तिचे मोठे चुलते आखातात वारले तेव्हा ती अकरावीत होती. मुंबई विमानतळाच्या सहारच्या कार्गोवर तिचे वडील आणि मामा रात्रभर थांबले होते, आत कुणाला सोडायचं, कुठल्या खिडकीवर कुठला कागद, हे कुणी सांगेना, तिथे असेच थांबलेले दुसऱ्या गावचे लोक होते त्यांनी सांगितलं. मग अ‍ॅम्ब्युलन्सने हायवेवरून गाव. तो भाग दोन दिवसांत संपला. खरी फरफट नंतर. दाखला अरबीत, त्याचं इंग्रजी भाषांतर होतं पण त्यावर हवा तो शिक्का नव्हता. ग्रामपंचायत म्हणाली मृत्यू आमच्या हद्दीत झालेला नाही, आम्ही नोंद करू शकत नाही, जे नियमाने बरोबरच आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद लावायला गेले तर तिथे मराठी नाहीतर इंग्रजी दाखला हवा. बँकेने वेगळा कागद मागितला, विम्यावाल्यांनी आणखी वेगळा. पासपोर्टवर नाव एका स्पेलिंगचं, आधारवर दुसऱ्या, आणि अरबी दाखल्यात अक्षरांवरून तिसरंच झालेलं. काकी आठ-दहा महिने तालुक्याला हेलपाटे घालत होत्या, बरोबर हीच जायची, कारण घरात इंग्रजी वाचणारी हीच.

हे सगळं तिने कसलाही गळा न काढता, यादी वाचावी तसं सांगितलं.

मी अशा किती ना हरकत पत्रांवर सह्या केल्यात मोजले नाहीत. दोन्ही आखाती पोस्टिंगमध्ये हे आठवड्याचं काम होतं, आणि आम्ही ते नीट करायचो, सुट्टीच्या दिवशीही ड्यूटी ऑफिसर येऊन सही करायचा, त्याचा मला अजूनही अभिमान आहे. पण आमच्या बाजूने सगळं संपायचं ते विमान सुटलं की. पुढे त्या कागदाचं कुठल्या टेबलावर काय होतं, त्यातलं नावाचं एक अक्षर इकडेतिकडे असलं तर कुणाला किती वेळा एसटीने तालुक्याला जावं लागतं, हे दूतावासात कुणालाच दिसत नाही, आणि दिसायची व्यवस्थाही नाही. तीस वर्षं नोकरी करून मला हे टी.वाय.च्या मुलीकडून कळलं.

मग आम्ही फाईल पुन्हा बनवली, दोन भागांत. पहिला भाग माझा, दुसरा तिचा, आणि वर्गातल्या इतरांच्या घरून आणखी माहिती आली. आमच्या भागात आखाताशी संबंध नसलेलं घर शोधावं लागतं. एकाचे आजोबा १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा तिथून जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने आले होते, त्या वेळी एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय तिथून बाहेर काढले गेले, आणि आजोबांनी तो परतीचा प्रवास नातवाला इतक्या वेळा सांगितलाय की त्याने तो वर्गात तोंडपाठ सांगितला, वाळवंटातल्या तंबूंसकट. या माहितीतून मुलांनी चार पानांची एक मराठी पुस्तिका केली. परदेशी जाणाऱ्याने घरी कुठले कागद ठेवायचे (पासपोर्टची प्रत, कराराची प्रत, विम्याचा नंबर, मालकाचा पत्ता आणि फोन), सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एक आहे का ते आधीच बघायचं, वेळ आली तर परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार कशी टाकायची, दूतावासाकडून मृत्यूनोंदीचा स्वतंत्र दाखला आठवणीने मागून घ्यायचा, अरबी कागदाचं भाषांतर तिथेच शिक्क्यासह करून घ्यायचं कारण इथे आल्यावर ते फार जड जातं. त्यातली कायद्याची भाषा मी तपासली, बाकी सगळं त्यांचं. प्राचार्यांनी शंभरेक प्रती काढून दिल्या, मशिदीत, देवळात, ग्रामपंचायतीत ठेवल्या, आता परत काढायच्या आहेत.

वाटाघाटींचा तासही सांगायला हवा कारण तो मला वाटलं होतं तसा अजिबात झाला नाही. मोठमोठे विषय घेण्यापेक्षा म्हटलं इथलंच भांडण घ्या, पर्ससीन नेटवाले (मोठ्या जाळ्याने मासळीचा थवाच्या थवा घेरणारे) आणि पारंपरिक मच्छीमार. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, त्याच्या बाहेर २०० मैलांपर्यंत केंद्राचं विशेष आर्थिक क्षेत्र, या १२ आणि २०० मैलांच्या हद्दी मुळात समुद्राच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातूनच येतात त्यामुळे अभ्यासक्रमातही बसतं. एक गट पर्ससीनचा, एक पारंपरिक, एक मत्स्यव्यवसाय खातं, आणि प्रत्येक गटाचं ‘मुख्यालय’ म्हणून दोन-दोन मुलं शेजारच्या खोलीत बसवली, ज्यांना विचारल्याशिवाय प्रतिनिधींनी काही कबूल करायचं नाही. मसुदा कागदावरच करायचा, जे दोघांना मान्य नाही ते चौकटी कंसात ठेवायचं. आणि मी मुद्दाम बाजू उलट्या दिल्या, ज्यांच्या घरी होडी आहे त्यांना पर्ससीनची बाजू.

पहिली वीस मिनिटं त्यांनी ती बाजू घ्यायलाच नकार दिला. "सर, हे बोललो आणि घरी कळलं तर बाबा घरात घेणार नाहीत." समजावून बसवलं. मग एकदा सुरू झाल्यावर कळलं की समोरच्याशी भांडण तेवढं नाहीये, जेवढं शेजारच्या खोलीतल्या आपल्याच मुख्यालयाशी आहे. प्रतिनिधी काहीतरी जुळवून आणतो, मुख्यालय म्हणतं अजिबात नाही, प्रतिनिधी वैतागून परत येतो आणि समोरच्याला गोड शब्दांत सांगतो की आम्हाला अजून थोडा वेळ लागेल. हे मी तासभर बोलून सांगितलं असतं तरी त्यांना पटलं नसतं. शेवटी मसुद्यात कंस नसलेली तीनच वाक्यं उरली, एलईडी दिवे लावून मासेमारी नको (ती तशीही बंदच आहे), जून-जुलैची बंदी सगळ्यांनी पाळायची (तीही आहेच), आणि पुढची बैठक महिन्याभरात घ्यायची. मुलं हिरमुसली, पण मी त्यांना म्हटलं अभिनंदन, बऱ्याच शिखर परिषदांपेक्षा हे जास्त आहे.

बाकी कॉलेज म्हणून जे असतं ते आहेच. प्रत्येक उपक्रमाचा जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटो लागतो, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीसाठी. मी बोलत असताना शिपाई मामा मोबाईल घेऊन येतात आणि "सर, जरा फळ्याकडे हात दाखवा" म्हणतात. कोर्सचे आऊटकम लिहून द्या म्हणाले, ते लिहिणं मला संयुक्त निवेदन लिहिण्यापेक्षा अवघड गेलं नाही कारण प्रकार तोच, कुणाचाही विरोध होणार नाही असं काहीतरी. गॅदरिंगला संस्थेच्या दोन पदाधिकाऱ्यांमध्ये मधली खुर्ची कुणाची यावरून रुसवाफुगवी झाली, तेव्हा प्राचार्य माझ्याकडे आले, म्हणाले तुम्ही प्रोटोकॉलवाले. मी एक जुना उपाय सांगितला, मधे खुर्चीच ठेवू नका, दीपप्रज्वलनाची समई ठेवा. चाललं.

यूपीएससीचं विचारायला रोज कुणीतरी थांबतं. मी त्यांना परीक्षेबद्दल सांगतो, पण हेही सांगतो की सगळ्या देशात आयएफएसचे (परराष्ट्र सेवेचे) अधिकारी हजाराच्या आसपास आहेत, दरवर्षी घेतात ती मूठभर, आणि त्यासाठी आयुष्यातली सहा-सात वर्षं पणाला लावायच्या आधी दुसरी सोय बघा. पासपोर्ट कचेऱ्या आहेत, जहाजांवरच्या नोकऱ्या आहेत, परदेशी भाषा आहेत, अरबी येणाऱ्या माणसाला आमच्या पट्ट्यात कधीच काम कमी पडणार नाही. हे ऐकून काही पालक नाराज असतात, त्यांना वाटतं साहेबांनी मुलांना स्वप्नं दाखवायला हवीत. मला ते जमत नाही.

पेपर तपासणं मात्र मनापासून नावडतं, ते आत्ताच सांगून ठेवतो. तीस पानांचा अहवाल एका पानात आणायची सवय असलेल्या माणसाला पुरवण्या मोजणारा विद्यार्थी सहन होत नाही. मी नियम केला की माझ्या पेपरला दीड पानापेक्षा जास्त लिहिलेलं वाचणार नाही. त्यावर आधी तक्रार गेली, मग मुलांनाच ते आवडायला लागलं.

वर्ष संपलं, मुदत वाढवून मिळाली. या वर्षी नवी फाईल खलाशांची करायची आहे, मालक जहाज वाऱ्यावर सोडून पळतो आणि खलाशी महिनोन् महिने पगाराविना परक्या बंदरात अडकतात, तिथे २००६चा मेरिटाइम लेबर करार लागतो, दूतावासही लागतो, आणि आमच्या गावागावांत असे अडकून आलेले लोक आहेत. त्यांच्यातल्या दोघांना वर्गात बोलवायचं ठरवलंय, एकाने होकार दिलाय, दुसरा पुन्हा बोटीवर चाललाय, तो कधी परत येतो त्यावर तास कधी ठेवायचा ते ठरेल. मागच्या वर्षीची ती मुलगी आता एम.ए.ला आहे, पण फाईलचा दुसरा भाग तीच येऊन घेणार आहे, आणि तिला पाहुणी व्याख्याती म्हणून बोलवायचं तर भाऊसाहेब म्हणतात अनुभवाचा दाखला लागेल.